वजन कमी करताना दारूचा हिशेब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी आहाराचा सल्ला देत बसलं की माणसं सकाळच्या चहापासून रात्रीच्या भाकरीपर्यंत सगळं मोकळेपणानं सांगतात. "घेता का?" असं विचारलं की मात्र आधी सोबत आलेल्या बायकोकडे पाहतात आणि मग म्हणतात, "कधीमधी." हे कधीमधी वहीत कुठंच लिहिलेलं नसतं. महिनाभर भात कमी करूनही काटा जागचा हलला नाही, तर त्याचं कारण पुष्कळदा तिथंच सापडतं. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. जे घेत नाहीत त्यांनी यातलं काही सुरू करू नये. जे घेतात आणि वजनही उतरवायचं म्हणतात, त्यांनी घेतलेलं सगळं लिहावं, एवढा माझा आग्रह आहे.

वजन कमी करायचं तर दारू पूर्ण बंदच करावी लागते का?

फक्त वजनापुरतं बोलायचं तर नाही. दिवसभरात शरीर जेवढ्या कॅलरी खर्च करतं त्यापेक्षा कमी पोटात गेल्या की वजन उतरतं. आठवड्यातून एकदा मोजून दोन पेग घेणाऱ्याचं वजन उतरू शकतं. रोज क्वार्टर (१८० एमएलची बाटली) संपवणाऱ्याचं उतरणं फार अवघड आहे, आणि का ते पुढे आकड्यांत दिसेल.

तब्येतीचा प्रश्न वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. तोंडाचा, अन्ननलिकेचा, यकृताचा, बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग, या सगळ्यांशी दारूचा संबंध आहे. तेव्हा "कॅलरीत बसली" म्हणजे "अपाय नाही" असा अर्थ काढू नका.

दारूत तेल नाही, साखर नाही, मग कॅलरी येतात कुठून?

अल्कोहोलमधूनच. एक ग्रॅम पिष्टात किंवा प्रथिनात ४ कॅलरी, एक ग्रॅम तेला-तुपात ९ आणि एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७. म्हणजे ती साखरेपेक्षा जड आणि तेलाच्या जवळ जाणारी आहे.

त्यात आणखी एक भानगड आहे. अल्कोहोल शरीराला साठवता येत नाही, त्यामुळे यकृत आधी तेच निस्तरायला घेतं आणि तेवढा वेळ चरबी जाळण्याचं काम मागे पडतं. एका तासात साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निस्तरलं जातं. एका क्वार्टरमध्ये जवळपास ६० ग्रॅम असतं. म्हणजे रात्री नऊला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत यकृताला पुरते, आणि सोबत खाल्लेली मटणाची तर्री, शेव, भजी हे सगळं तोवर साठ्यात जातं. दारूनं पोट सुटतं म्हणतात त्यात दारूचा वाटा आहेच, पण सोबतच्या ताटाचा वाटाही तेवढाच मोठा आहे.

माझ्या बाटलीत किती कॅलरी आहेत हे कसं काढायचं? बाटलीवर तर लिहिलेलं नसतं.

कॅलरी सहसा लिहिलेल्या नसतात, पण अल्कोहोलचे टक्के लिहिलेले असतातच. तेवढ्यावर काम भागतं. जेवढे एमएल घेतले त्याला टक्क्यांनी गुणा, १०० नं भागा आणि आलेल्या आकड्याला साडेपाचनं गुणा. झालं.

आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडका, ब्रँडीच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्या हिशेबानं ३० एमएलचा पेग ७० कॅलरीचा, ६० एमएलचा १४० चा. १८० एमएलची क्वार्टर ४२५ च्या घरात. ३७५ एमएलची हाफ ८८० च्या आसपास. देशीच्या बाटलीवरही टक्के बघा. ४२.८ असतील तर देशीची क्वार्टर आणि महागड्या व्हिस्कीची क्वार्टर वजनाच्या दृष्टीनं अगदी सारखी. फरक पडतो तो फक्त खिशाला.

४२५ कॅलरी म्हणजे किती हे डोळ्यापुढे येत नाही, म्हणून सांगते. ज्वारीच्या मध्यम आकाराच्या तीन-चार भाकरी होतात तेवढ्यात. पंचाहत्तर किलोच्या माणसानं सात-आठ किलोमीटर चालावं, तेव्हा तेवढा खर्च होतो. आणि रोजची एक क्वार्टर धरली तर महिन्याचे पावणेतेरा हजार होतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. भागाकार तुमचा तुम्हीच करा, आणि लग्नानंतरच्या दहा वर्षांत शर्टाचा नंबर का वाढला हेही मग कळेल.

बिअर हलकी असते ना?

टक्क्यांनी हलकी, बाटलीनं जड. ६५० एमएलच्या ५ टक्क्यांच्या बिअरमध्ये अल्कोहोलचे १८० आणि धान्यातून उरलेल्या पिष्टाचे वरचे, असे मिळून पावणेतीनशेच्या आसपास होतात. ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर पावणेचारशे. उन्हाळ्यात अकोला, चंद्रपूर पंचेचाळीसच्या वर गेलं की दोन-दोन बाटल्या पाण्यासारख्या जातात. त्या साडेसातशे कॅलरी, म्हणजे एक आख्खं जेवण.

उन्हाळ्याचं निघालंच आहे तर एक सांगून ठेवते. बिअरनं अंग थंड होत नाही. दारू लघवीवाटे पाणी बाहेर काढते, शरीर आणखी कोरडं पडतं आणि ऊन लागण्याचा धोका वाढतो. शेतातून आल्यावर आधी माठातलं पाणी, ताक, लिंबू-मीठ. बाकीचं ऊन उतरल्यावर.

रम गरम, व्होडका वजन वाढवत नाही, वाइन औषधी. यातलं खरं काय?

वजनासाठी टक्के आणि एमएल सोडून दुसरं काहीच पाहायचं नाही. वाइनचा दीडशे एमएलचा ग्लास सव्वाशेच्या आत-बाहेर असतो. औषध म्हणून कुठलीच दारू घेऊ नका.

मोहाची तर फुलाची असते, नैसर्गिक असते. ती चालेल का?

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर आणि तिकडे मेळघाट, या भागात हा प्रश्न नेहमीचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलं वेचायला जाणाऱ्या बायका-लेकरांना ज्यांनी पाहिलंय त्यांना मोह म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तो आधी अन्न आहे. वाळवलेलं फूल गोड, पोटभरीचं, भाजून किंवा शिजवून खाल्लं जातं. देवाला, पितरांना मोहाचा थेंब वाहण्याची गोंड-माडिया समाजातली रीत जुनी आहे आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे.

वजनाच्या वहीत मात्र मोहाची दारू ही दारूच. फुलातली साखर आंबून अल्कोहोल होते आणि भट्टीवर ते वेगळं काढलं जातं. "नैसर्गिक" म्हणून ग्रॅममागच्या ७ कॅलरी ५ होत नाहीत. अडचण अशी की हातभट्टीवर टक्के छापलेले नसतात. पहिल्या धारेची फार कडक, शेवटची पाणचट. त्यामुळे हिशेबच लागत नाही. नोंद करायचीच असेल तर बाटलीतल्या दारूइतकी कडक धरूनच करा, कमी धरू नका.

याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. हातभट्टीच्या, विकत आणलेल्या मालात काय मिसळलंय हे डोळ्यांना, जिभेला कळत नाही. मिथेनॉल मिसळलेलं असेल तर सुरुवातीला नेहमीसारखीच नशा होते. मग काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पोटात दुखणं, उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं दिसणं सुरू होतं. अशा वेळी "उतरेल" म्हणून झोपवून ठेवू नका. १०८ ला फोन करा, दवाखान्यात न्या, आणि काय प्यायला हे डॉक्टरांपासून लपवू नका. उपचार आहे, पण वेळेत. उशीर झाला तर दृष्टी जाते, जीवही जातो.

ताडी आणि शिंदी यांची गोष्ट थोडी निराळी. ती झाडाची रसरशीत निथळ, सकाळी गोड, दिवस चढेल तशी आंबट आणि कडक. कॅलरी दोन्ही वेळी असतात, सकाळी साखरेच्या, दुपारी अल्कोहोलच्या.

"मी जेवणच करत नाही, फक्त चखना खातो." मग वजन का वाढतं?

या एका वाक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं.

ढाब्यावरचं टेबल डोळ्यापुढे आणा. कापूस विकून आलेले चौघं. मध्ये शेंगदाण्यांची प्लेट, वरून कांदा, सांबार (कोथिंबीर), लिंबू. बाजूला शेव-चिवडा. पहिला पेग भरेस्तोवर दाण्यांची प्लेट अर्धी होते, कारण हात मोकळा आहे आणि प्लेट समोर आहे. दुसऱ्या पेगला ऑम्लेट येतं. तिसऱ्याला कोणीतरी म्हणतो, "सुकं मटन सांग." मग रात्री साडेदहाला रस्सा, त्यावर बोटभर तर्री, आणि "आता काय भूक नाही" म्हणत दोन भाकरी.

आता मोजा. मूठभर शेंगदाणे, ३० ग्रॅम, १७० कॅलरी. प्लेटमध्ये अशा तीन-चार मुठी असतात. ५० ग्रॅम शेव पावणेतीनशे. दोन अंड्यांचं ऑम्लेट, दोन चमचे तेलासकट, अडीचशेच्या जवळ. तर्रीचं तेल एक मोठा चमचा, सव्वाशे. ते तर कोणी खाणं म्हणून धरतच नाही. क्वार्टर ४२५ ची होती, तिच्यामागून हजारभर कॅलरी गुपचूप आल्या. मीठ आणि तिखट आणखी प्यायला लावतात, दारू भूक वाढवते आणि "पुरे" म्हणायचा ताबा सैल करते. तिन्ही मिळून हे होतं.

यावर उपाय आहे आणि तो घरी सोपा पडतो. बसण्याआधी ताट वेगळं वाढून घ्या, सगळ्यांच्या मधल्या प्लेटमध्ये हात घालू नका. मूठभर फुटाणे, ११० कॅलरी. दोन उकडलेली अंडी, दीडशे. काकडी, मुळा, कांदा, टमाटर हवे तेवढे. हिवाळ्यात ओला हरभरा, हुरडा मिळतो, पण तोही मोजूनच. भाजलेली किंवा तव्यावर थेंबभर तेलात केलेली मासळी उत्तम. ढाब्यावर असाल तर तर्री वरून काढून ठेवायला सांगा, सावजी रश्श्याची चव त्यानं जात नाही.

आणि जेवण आधी करा. सातला भाकर, भाजी, वरण असं साधं पोटभर जेवून मग बसलात तर चखन्याकडे हात कमी जातो आणि दारूही सावकाश चढते. पिऊन मग जेवायची सवय आपल्याकडे फार रुजली आहे. एवढा क्रम बदलला तरी फरक पडलेला मी पुष्कळांत पाहिला आहे.

सोबत काय मिसळावं?

पाणी किंवा साधा सोडा, दोन्हीत शून्य. कोला, लिंबू-चवीचं गोड पेय वगैरेची २०० एमएलची बाटली ८५ ते ९० कॅलरीची. तीन पेगांत दोन बाटल्या सहज जातात, म्हणजे आणखी एक मोठा पेगच झाला.

पेग मोजायचा कसा? आम्ही तं दोन बोटं घेतो.

दोन बोटं कुठल्या ग्लासात, यावर सगळं आहे. पातळ प्लास्टिकच्या निमुळत्या ग्लासात तळाशी दोन बोटं म्हणजे पन्नास-साठ एमएल. तीच दोन बोटं घरच्या रुंद स्टीलच्या ग्लासात भरली तर शंभराच्या वर जातात. बोटं तीच, दारू दुप्पट. माणूस खरं सांगतोय, "दोनच पेग घेतले", आणि वहीत मात्र अर्धंच उतरतं.

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येतं ते मापाचं टोपण धुऊन घ्या. त्यावर ५, १०, १५ च्या रेघा असतात. त्यानं एकदा पाणी मोजून आपल्या नेहमीच्या ग्लासात ओता, ६० एमएलला पाणी कुठपर्यंत येतं तिथं बाहेरून रंगाची रेघ ओढा. एकदाच करायचं काम आहे. रेघ ओढल्यावर बहुतेकांना आपला पेग किती मोठा होता ते पहिल्यांदा दिसतं.

आठवड्याच्या हिशेबात कसं बसवायचं?

समजा तुमचं ठरलेलं लक्ष्य रोज १,८०० कॅलरीचं आहे. आठवड्याचे १२,६०० झाले. शनिवारी ६० एमएलचे दोन पेग पाण्यातून, मूठभर फुटाणे आणि दोन उकडलेली अंडी एवढं ठरवलं तर साडेपाचशेच्या आत बसतं. ते एका दिवसात काढायला गेलात तर उपाशी राहावं लागतं. सहा दिवसांत वाटलं तर रोजचे नव्वद निघतात.

रोजचे नव्वद कुठून काढायचे? चहातून. आपल्याकडे घरचा, शेतातला, पानठेल्यावरचा, कोणाकडे गेलो तिथला, असे दिवसाला पाच कप सहज होतात आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. कपामागे एक चमचा कमी केला तर दिवसाचे १०० वाचतात. भाकर, वरण, अंडी, दूध यांना हात लावू नका. प्रथिनं कापून दारूला जागा केली तर वजन उतरेल, पण त्यात अंगातलं मांसही उतरेल.

आणि शनिवारचे दोन पेग हे शनिवारचेच. आठवड्याचं गणित बसतं म्हणून सातही दिवस थोडी-थोडी, असं करू नका. यकृताला आणि झोपेला कोरडे दिवस लागतात. रोजचं थोडं हळूहळू थोडं राहत नाही.

दिवसभर उपाशी राहून रात्रीसाठी कॅलरी वाचवल्या तर?

नाही, हे अजिबात करू नका. बरीच तरुण पोरं हे करतात म्हणून ठासून सांगते. उपाशी असताना रक्तातली साखर टिकवायचं काम यकृत करत असतं. दारू ते काम थांबवते. साखर घसरते, घाम फुटतो, हातपाय गळतात, माणूस बरळतो, आणि बघणारे म्हणतात "जास्त झाली". त्यातच बेशुद्ध पडलेली, दुचाकीवरून पडलेली माणसं दवाखान्यात येतात. शिवाय रिकाम्या पोटी चढते पटकन आणि मग जेवणावर तुटून पडणं होतं, म्हणजे वाचवलेलं सगळं दुपटीनं परत येतं.

मी शेतात राबतो. घामात जिरून जात नाही का?

घामात पाणी आणि मीठ जातं, दारू फारशी जात नाही. ती यकृतातच निस्तरली जाते. मेहनतीनं कॅलरी खर्च होतात हे खरं. डवरणी, फवारणी, कापूस वेचणीच्या दिवसांत शरीर भरपूर मागतं. पण आता नांगरट ट्रॅक्टरनं, शेतात जाणं गाडीनं, आणि उलंगवाडी (कापसाचा हंगाम संपणं) झाल्यावर दोन-तीन महिने काम थोडं. पिण्याचं प्रमाण मात्र हंगामाचंच राहतं. वजन बहुतेकांचं त्याच महिन्यांत चढतं. तेव्हा हिशेब हंगामाप्रमाणे बदला.

पोळ्याची कर, आखाडी, होळी, लग्नं, मंडई... तेव्हा काय करायचं?

करीच्या दिवशी घरोघरी मटण शिजतं, दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, नाटकं होतात, पाहुणे येतात. तिथं वही घेऊन बसा असं मी सांगणार नाही. त्या दिवशी फक्त एक आकडा आधी ठरवा: किती पेग. बाकी खाणं-पिणं आनंदानं होऊ द्या. वर्षातले असे आठ-दहा दिवस वजन बिघडवत नाहीत. करीची उरलेली दुसऱ्या दिवशी आणि मग शनिवारपर्यंत चालू राहते, ते बिघडवतं.

"घे ना भाऊ, एकानं काय होते" म्हणणारा प्रत्येक बैठकीत असतोच. त्याला डाएटचं सांगू नका, चेष्टा होते आणि हातात ग्लास येतो. "गोळी चालू आहे" म्हणा, किंवा ग्लासात सोडा घेऊन बसा. सोबतच हवी असते लोकांना, ग्लासात काय आहे ते दुसऱ्या पेगनंतर कोणी बघत नाही.

पिऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी काटा कधी कमी, कधी जास्त दाखवतो. कोणता धरू?

दोन्ही सोडा. लघवी जास्त झाली की पाणी जाऊन वजन कमी दिसतं, खारट चखन्यानं पाणी धरलं की दोन दिवस जास्त दिसतं. ती चरबी नव्हे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा आणि चार आठवड्यांचा कल बघा. सोबत बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० च्या वर गेली की शुगर, बीपीचा धोका वाढतो. पोट पुढे आणि हातपाय काडी, अशा माणसाला काट्यापेक्षा हा फीता जास्त खरं सांगतो.

शुगरची किंवा बीपीची गोळी चालू आहे. थोडी चालेल?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी आणि वर दारू, यानं झोपेत साखर खाली जाऊ शकते. मेटफॉर्मिन घेणाऱ्यानं जास्त पिणं धोक्याचं आहे. दारूनं बीपी चढतं. मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरची गोळी) चालू असताना दारू घेऊ नका. फॅटी लिव्हर, कावीळ, स्वादुपिंडाचा त्रास, मिरगी असेल तर पूर्ण बंद, तिथं कॅलरीचा प्रश्नच येत नाही. दिवस गेलेल्या बाईनंही पूर्ण टाळावी.

बायकांसाठी हिशेब वेगळा आहे का?

कॅलरी त्याच, परिणाम जास्त. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच पेगनं रक्तातलं प्रमाण अधिक चढतं आणि यकृताचं नुकसानही लवकर होतं. शिवाय तिचं दिवसाचं लक्ष्य बहुधा १,४००-१,५०० चं असतं, त्यात जागाच कमी उरते.

"आमच्या घरचे वजनासाठी रात्रीची भाकर सोडतात, पण पिणं सुटत नाही. मी काय करू?"

ताई, आधी एक मनात ठेवा, त्यांचे पेग मोजणं ही तुमची जबाबदारी नाही. जमत असेल तर जेवण सातलाच वाढा, भाकर सोडू देऊ नका, घरात तळलेलं चखना म्हणून आणणं थांबवा. वही त्यांच्याच हातानं लिहू द्या. बाटली लपवणं, ओतून देणं यानं भांडण होतं, पिणं थांबत नाही. महिन्याला बाटलीवर किती गेले तो आकडा त्याच वहीत शेजारी लिहा म्हणा. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी तो आकडा कॅलरीपेक्षा जास्त बोलतो. आणि पिऊन हात उचलत असतील, तर हा आहाराचा विषय उरला नाही. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२.

ठरवलेल्या आकड्यावर थांबताच येत नाही. सकाळी हात थरथरतात.

मग वजनाचं बाजूला ठेवा. दोन म्हणून बसायचं आणि बाटली संपेपर्यंत उठायचं नाही, सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत, घाम येतो, झोप लागत नाही, ही व्यसनाची लक्षणं आहेत. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण एकदम, आपल्या मनानं बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक सोडली तर पहिल्या दिवसात थरथर, मळमळ सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत झटके येणं, भास होणं, भ्रम होणं इथपर्यंत जाऊ शकतं. त्यात जीव जातो. "सात दिवस कोंडून ठेवलं की सुटते" हा गावचा उपाय म्हणूनच फार घातक आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा, औषधांच्या आधारानं सोडता येते. १४४१६ वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आणि १४४४६ वर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, दोन्ही फुकट आहेत.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. मग हे सगळं आम्हाला लागू आहे का?

वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. गडचिरोलीची बंदी गावोगावच्या बायकांनी लढून मिळवलेली आहे, ती मोडायला मी कुणाला मदत करणार नाही. चोरून मिळणारा माल दुप्पट भावाचा आणि भरवशाचा नाही, हे वर सांगितलंच. बंदीच्या जिल्ह्यात वजन कमी करायला निघालेल्या माणसाला माझा सल्ला एकच, वहीतला तो रकाना रिकामाच ठेवा. राज्यात इतरत्रही पिण्यासाठी परवाना लागतो आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला किमान वय २५ आहे.

पिताना खर्रा लागतोच. त्यात तर कॅलरी नाहीत ना?

कॅलरी नाहीत, पण तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या कर्करोगाचा धोका दोघांच्या बेरजेपेक्षाही जास्त वाढतो. तोंड उघडायला त्रास होत असेल, पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर आजच दाखवा.

ॲपमध्ये "देशी" सापडत नाही. नोंद कशी करू?

ॲपमध्ये व्हिस्की निवडा आणि एमएल हातानं भरा, टक्के जवळपास सारखेच असल्यानं आकडा थोडासाच कमी येतो. बिअरला सावध राहा. परदेशी ॲपमध्ये "एक बिअर" म्हणजे ३५५ एमएल, ५ टक्क्यांची. आपली बाटली ६५० ची, तेव्हा एक बाटली लिहिताना जवळजवळ दोन नोंदवाव्या लागतात, आणि स्ट्राँग असेल तर त्याहूनही जास्त. मोबाइलची कटकट नको असेल तर शाळेची चाळीस पानी वही पुरते: तारीख, एमएल, टक्के, सोबत काय खाल्लं. पिऊन झाल्यावर लिहू म्हटलं तर राहून जातं. पहिला पेग भरण्याआधीच ठरवलेला आकडा लिहून ठेवा, आणि जास्त झालं तर सकाळच्या चहाला बसल्यावर तो खोडून खरा लिहा.